हत्तीच्या पुढची मोटारसायकल

ग्वाल्हेरात त्या काळी सगळ्यांत हळू मोटारसायकल चालवणारे गृहस्थ म्हणजे माझे घरमालक, आणि ही गोष्ट ते नव्या माणसाला ओळख झाल्या झाल्या स्वतःहून सांगायचे. सकाळी ते बाड्याच्या चौकातून स्टेशनाजवळच्या पडावाकडे निघाले की भाजीची पिशवी घेतलेल्या बायका त्यांना मागे टाकून पुढे जात. टांगेवाले ओरडत, "कप्तानसाब, गाडी की तबीयत खराब है क्या?" कप्तानसाहेब मान न वळवता सरळ समोर बघत राहत. गाडी माणसाच्या पावलानं चालली पाहिजे, पाय खाली टेकता कामा नये आणि इंजिन एकदाही खोकता कामा नये, हा त्यांचा रोजचा नेम होता. तो झाल्याशिवाय ते चहा घेत नसत.

आता म्हातारपणी मी परत ग्वाल्हेरला, दर्पण कॉलनीत मुलाकडे राहायला आलो आहे. नातवाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आजोबा, धीरे तो कोई भी चला लेता है." मी म्हटलं, मग सिटी सेंटरपर्यंत माझ्या बरोबरीनं चल. मी काठी घेऊन पायी, तो त्याच्या गाडीवर. कॉलनीच्या फाटकापर्यंतच त्यानं इतक्यांदा पाय टेकले की शेवटी वैतागून तो भुर्रकन निघून गेला. मी मात्र उगाचच छाती काढून परत आलो. वास्तविक मला स्वतःला मोटारसायकल कधीच चालवता आली नाही, हळूही नाही आणि जोरातही नाही.

मी पुण्याहून बी.एस्सी. होऊन ग्वाल्हेरला आलो तो मामाच्या वशिल्यानं. परिवहन खात्यात कारकुनी मिळाली. पदार्थविज्ञान घेऊन पास झालेला मुलगा म्हणजे या मागासलेल्या गावाला मोठाच आधार होणार, अशी माझी समजूत होती. गावाचीही तशी समजूत असल्याची खूण मला पुढे कुठे मिळाली नाही.

ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात खोली भाड्यानं मागायला मी कप्तानसाहेबांकडे गेलो, तेव्हा त्यांनी नाव-गाव काही विचारलं नाही. "हात द्या," म्हणाले. मी एक हात पुढे केला. "दोन्ही." मग माझी दोन्ही मनगटं एकदम धरून, डोळे मिटून ते इतका वेळ बसले की मला आपण आजारी असल्यासारखं वाटायला लागलं.

"डावी बाजू जरा कमजोर आहे," शेवटी ते म्हणाले. "पण चालून जाईल. सामान घेऊन या."

आतून त्यांच्या पत्नी, ज्यांना मी पुढे काकू म्हणू लागलो, पाणी घेऊन आल्या. "घाबरू नका हं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं बघतात ते. आमच्या लग्नात भटजींचं पण बघून घेतलं होतं."

कप्तानसाहेबांना सगळं दोन्हीकडून सारखं लागे. मिशीची दोन्ही टोकं आरशासमोर फुटपट्टी धरून कातरत. ताटात एकच लाडू वाढलेला त्यांना खपायचा नाही. एक तर दोन, नाहीतर नको. गल्लीत कुणाचं भांडण लागलं की ते मध्ये पडत आणि कोण खरं, कोण खोटं हे न विचारता, "याचा आवाज जास्त होऊन राहिला आहे, जरा कमी करा," एवढंच सांगत. आवाज सारखे झाले की भांडण मिटलं असं समजून घरी येत. ते 'कप्तान' फौजेतले की नुसते मानाचे, याबद्दल लष्करात दोन मतं होती. मी भाडेकरू असल्यामुळे मला मत नव्हतं.

संस्थान होतं तेव्हा ते संस्थानाच्या मोटारखान्याचे प्रमुख. दसऱ्याला राजवाड्यातून मिरवणूक निघे, तिच्या अगदी पुढे, हत्तीच्याही पुढे, यांची मोटारसायकल. रस्ता मोकळा करत जायचं, पण हत्तीच्या चालीनं. आवाज असा हवा की हत्तीला कळू नये. मध्येच इंजिननं फटाका काढला आणि हत्ती बिथरला, तर कुणी हत्तीला जाब विचारणार नव्हतं. म्हणून ती जर्मन गाडी. तिची दोन सिलिंडरं दोन बाजूंना बाहेर आलेली, आणि प्रत्येकाला आपापला कार्बुरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला भरवणारं भांडं. दोन्ही कार्बुरेटरांनी सारखं भरवलं तर गाडी घरंदाज बाईसारखी चालते. एकानं जास्त आणि एकानं कमी भरवलं की ती थरथरते, खोकते आणि हळू चालवायला गेलं की बंद पडते. जोरात जाणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. कप्तानसाहेबांच्या मते लोक जोरात जातात ते आपल्या गाडीचे दोष लपवायला.

हे सारखेपण मोजायला मोटारखान्यात व्हॅक्युम गेजची एक जोडी होती. इंजिन हवा किती जोरानं ओढतं ते काट्यावर दाखवणारी ती दोन गोल पितळी यंत्रं. इंजिनच्या दोन्ही नळ्यांना बारीक भोक, त्यात रबरी नळी, नळीच्या टोकाला गेज. दोन्ही काटे एका आकड्यावर आले की काम झालं. गेज कसं निवडावं यावर कप्तानसाहेब एखाद्यानं जावई निवडण्यावर बोलावं तसं बोलत. "काटा फार नाचून राहिला तर घेऊ नका, काही वाचता येणार नाही. अजिबात हलत नसेल तर मुळीच घेऊ नका, तो खोटारडा आहे. थोडा थरथरणारा घ्या. नळी कुठंतरी चिमटा, म्हणजे थरथर कमी होईल. आणि मुख्य म्हणजे दोन्ही गेज आधी एकाच नळीला लावून बघा. एकच गोष्ट दोघं सारखी सांगतात का? सांगत नसतील तर ती जोडी नाही, नुसती दोन गेजं आहेत."

मग संस्थानं विलीन झाली. ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची छोटी संस्थानं मिळून मध्यभारत झाला. हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला, म्हणजे कुणाला राग नको. संस्थानांचा जिन्नसही असाच वाटला गेला. वाटणी करणारी मंडळी अत्यंत निःपक्षपाती होती. मोटारखान्याच्या सामानात त्यांना एकासारखी एक अशी दोन पितळी गेजं दिसली. त्यांनी एक ग्वाल्हेरला दिलं, एक इंदूरला.

"अरे, मोजे वाटून दिले असते तरी चाललं असतं!" कप्तानसाहेब हे सांगताना अजूनही उभे राहत. "एक मोजा घालून माणूस लंगडत तरी चालेल!"

मोटारखाना मोडला, त्यांना पेन्शन मिळालं, मोडीत निघालेली मोटारसायकल त्यांनी घेतली आणि ग्वाल्हेरच्या वाट्याचं गेज मागून घेतलं. मिरवणुकीच्या पुढे आता जीप जाऊ लागली. जीपला हत्तीची पर्वा नव्हती, आणि हत्तींनाही हळूहळू जीपची राहिली नाही. कप्तानसाहेब मात्र रोज सकाळी पडावापर्यंत त्याच चालीनं जाऊन येत, पण गाडी पहिल्यासारखी राहिली नव्हती. बाड्याच्या वळणावर ती थरथरायची, आणि मग दिवसभर ते कुणाशी नीट बोलत नसत.

मी त्यांना म्हटलं, यात काय आहे, एकच गेज आळीपाळीनं दोन्हीकडे लावा. त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. "एक डोळा झाकून डावी मिशी बघायची, मग दुसरा झाकून उजवी. सरळ बसेल? गेज काढून घालेपर्यंत इंजिनचा मिजाज बदलून जातो, पुणेकर."

तेव्हा शास्त्र आणि स्वाभिमान या दोन्ही गोष्टी पणाला लावून मी कामाला लागलो. खात्याच्या कामासाठी दिल्लीला गेलो होतो, तिथल्या कबाडी बाजारातून मी एक गेज पसंत करून आणलं. मोठी तबकडी, पितळेची नक्षीदार कड, काटा निळा. दुकानदारानंही माझ्या नजरेची तारीफ केली. कप्तानसाहेबांनी ते नळीला लावलं, इंजिन सुरू केलं. काटा शून्यावर टेकून बसला तो बसलाच. त्यांनी गेज काढलं, तोंडाला लावून फुंकर मारली, काटा टुणकन उडाला.

"पुणेकर, हे बॉयलरचं आहे," ते म्हणाले. "हे फुंकलेलं मोजतं. आपल्याला ओढलेलं मोजायचं आहे." ते गेज काकूंनी पुढे कित्येक वर्षं डाळीच्या डब्यावर वजन म्हणून ठेवलं. तबकडीची तारीफ त्याही करत.

यावर शहाण्या माणसानं गप्प बसायचं. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या माणसाकडून पारा आणला आणि काचेची वाकडी नळी फळीवर ठोकून दोन्ही टोकं दोन्ही बाजूंना जोडली. पारा जिकडे चढेल तिकडची ओढ जास्त. पुस्तकात हे फार सुंदर दिसतं. मी अंगणात गल्लीतल्या मंडळींना त्याचं तत्त्व समजावून सांगत होतो. तेवढ्यात कप्तानसाहेबांनी गाडी सुरू केली. पारा एकदा इकडे झुलला, एकदा तिकडे झुलला आणि माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत उजव्या सिलिंडरनं तो पिऊन टाकला. पांढरा धूर निघाला. कप्तानसाहेबांनी सगळ्यांना फाटकाबाहेर हाकललं. ते इंजिन खोलून पिस्टन बदलेपर्यंत पावसाळा संपला. गल्लीत मला त्या दिवसापासून 'पारेवाले बाबू' हे नाव पडलं, आणि मी ग्वाल्हेर सोडेपर्यंत माझं खरं नाव कुणाला आठवलं नाही.

शेवटी उपाय एकच उरला, इंदूरचं गेज. उन्हाळ्यात आमचं ऑफिस इंदूरला जाई, त्याबरोबर मीही. ते गेज तिथल्या जुन्या मोटारखान्याच्या प्रमुखांकडे होतं. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. उंच, सडसडीत, मितभाषी माणूस. त्यांनी ते गेज बैठकीत काचेच्या कपाटात ठेवलं होतं, खाली मखमल. मी कप्तानसाहेबांचा निरोप सांगितला. रावसाहेबांनी शेवेची बशी माझ्यापुढे सरकवली.

"त्यांना म्हणावं, त्यांचं पाठवा."

"पण तुमच्याकडे दोन कार्बुरेटरची गाडी तरी आहे का?"

"नाही. पण गेज आहे."

हा निरोप मी ग्वाल्हेरला पोचवला. "त्यांना म्हणावं, हत्ती कुणाकडे होता?" असा उलट निरोप घेऊन पुढच्या उन्हाळ्यात इंदूरला गेलो. अशी काही वर्षं गेली. मध्यभारताच्या दोन राजधान्यांमध्ये इतक्या इमानानं ये-जा करणारा माझ्यासारखा दुसरा कारकून नसेल, आणि हाती काही न लागलेलाही.

मला वाटायचं, हे नुसतं वेड आहे. एकदा गणपतीत मी रजा घेऊन ग्वाल्हेरला आलो होतो. कप्तानसाहेब अंगणात गाडीशी बसले होते. मी मागून दोनदा हाक मारली, त्यांनी लक्ष दिलं नाही. मला राग आला. स्वयंपाकघरात येऊन मी काकूंना म्हटलं, "कप्तानसाहेबांचा संस्थानी ताठा काही जात नाही."

काकू मोदकाची पारी वळत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "ताठा नाही हो. ऐकू येत नाही त्यांना. डावा कान तर कधीच गेला. आता उजवा पण जाऊन राहिला आहे."

मी तिथंच पाटावर टेकलो.

"पूर्वी गेज कुठं लागायचं त्यांना? गेज असायचं ते लोकांना दाखवायला. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं त्या कार्बुरेटरच्या तोंडाशी. इकडची हवा ऐकायची, तिकडची ऐकायची, दोन्हीची फुसफुस सारखी झाली की बस. इतकी वर्षं इंजिनात कान घालून बसले, तर कान राहणार कसे? कुणाला सांगू नका. मी तुम्हाला सांगितलं हे त्यांना पण सांगू नका."

एवढ्या वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. भांडणात आवाज कमी करा म्हणणारा माणूस फक्त मोठा आवाज ऐकू शकत होता. टांगेवाल्यांना ते उत्तर देत नव्हते, कारण टांगेवाले काय म्हणतात ते त्यांना माहीतच नव्हतं. आणि मी, पदार्थविज्ञानाचा पदवीधर, त्यांच्या मागे बसून त्यांच्या वेडाची गंमत बघत होतो. मला फार वाईट वाटलं. तेव्हाही काकूंनी मला मोदक दोनच दिले.

त्याच सुमाराला दोन बातम्या आल्या. एक म्हणजे मध्यभारत मोडणार, नवं मोठं राज्य होणार आणि राजधानी भोपाळला जाणार. म्हणजे आमचं ऑफिसही. दुसरी बातमी राजवाड्यावरून आली. यंदाचा दसरा या राज्यातला शेवटचा, तेव्हा मिरवणूक जुन्या थाटानं काढू. पुढे मोटारसायकल चालेल का, असं विचारलं होतं. कप्तानसाहेबांनी "हो" म्हणून टाकलं आणि मग दोन दिवस जेवले नाहीत.

"काटे सारखे झाल्याशिवाय मी हत्तीच्या पुढे जाणार नाही," ते मला म्हणाले. "आणि नाही गेलो तर आता कधी जाणार? तुम्ही इंदूरहून ते गेज आणा. काय पाहिजे ते द्या. माझी मोटारसायकल देऊन टाका म्हणणार होतो, पण मग गेज कशाला लावू?"

मी इंदूरला गेलो आणि पहिल्यांदाच निरोप न सांगता सगळं खरं सांगितलं. फक्त कानाचं सोडून. रावसाहेबांनी उठून कपाट उघडलं.

"गेज मी कुणाच्या हाती देणार नाही," ते म्हणाले. माझं तोंड उतरलं. "मी स्वतः घेऊन येतो."

ते आले ते गेज पंच्यात गुंडाळून मांडीवर घेऊनच. पडावाच्या स्टेशनपासून लष्करापर्यंत टांग्यात त्यांनी ते खाली ठेवलं नाही. दोघा वृद्धांनी एकमेकांना नमस्कार केला, काकूंनी चहा दिला, चहा कुणी प्यायला नाही. लगेच अंगणात गेले. कप्तानसाहेबांनी आपल्या नियमाप्रमाणे दोन्ही गेजं आधी एकाच नळीला लावली आणि गाडी सुरू केली.

काटे सारखे आले नाहीत. इंदूरचा काटा दोन घरं पुढे.

"तुमचं बिघडलं आहे," कप्तानसाहेब म्हणाले.

"माझं मखमलीवर होतं. तुमचं बिघडलं."

"माझं रोज काम करत होतं!"

"म्हणूनच."

दोघंही लाल झाले. आता माझा शास्त्रीय मेंदू जागा झाला, आणि गंमत म्हणजे त्या दिवशी तो बरोबर चालला. मी मोठ्यानं, कप्तानसाहेबांच्या उजव्या बाजूला उभा राहून म्हटलं, "कोणतं खरं त्याची गरजच नाही. इंदूरचं दोन घरं जास्त दाखवतं, हे कळलं ना? मग गाडी अशी जुळवा की इंदूरचं दोन घरं पुढेच राहील. म्हणजे ओढ सारखी."

कप्तानसाहेब काट्यांकडे बघत राहिले. जन्मभर ज्यांनी मिशीची टोकं मोजली, लाडू जोडीनं खाल्ले, त्यांना मी सांगत होतो की सारखं करायचं तर काटे वेगवेगळे ठेवा. त्यांनी माझं ऐकून स्क्रू फिरवले. इंदूरचा काटा दोन घरं पुढे आला. गाडी गुरगुरत होती. मला ती चांगली वाटली, पण मला पारासुद्धा चांगला वाटला होता.

"सारखे दिसत नाहीत," कप्तानसाहेब म्हणाले. "मी कशावर भरवसा ठेवू?"

"कानावर ठेवा," रावसाहेब म्हणाले. "तुम्ही कानानं जुळवत होता, हे इंदूरपर्यंत ऐकलं आहे आम्ही."

काकू दारात उभ्या होत्या. मी खाली बघायला लागलो. कप्तानसाहेबांनी खुंटीवरची जुनी रबरी नळी काढली आणि ती रावसाहेबांपुढे केली.

"तुम्ही ऐका," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

ज्या माणसाला त्यांनी वर्षानुवर्षं हत्तीवरून टोमणे पाठवले, त्याच्यापुढे त्यांनी हे कबूल केलं. रावसाहेबांनी नळी घेतली. इस्त्रीचं धोतर सावरून मातीत बसले, नळी कानात घातली, डावीकडचं ऐकलं, उजवीकडचं ऐकलं, पुन्हा डावीकडचं ऐकलं. मग दोन्ही हातांची एकेक बोटं वर करून एका पातळीत धरली. कप्तानसाहेबांनी त्या बोटांकडे बघून मान हलवली आणि आत जाऊन थंडगार झालेला चहा पिऊन टाकला.

दसऱ्याच्या दिवशी ठरलं ते असं. कप्तानसाहेब गाडीवर, पुढे. उजव्या बाजूला रावसाहेब पायी, डाव्या बाजूला मी. आपापल्या बाजूचा आवाज दोघांनी ऐकायचा. बिघडला तर हात वर करायचा, म्हणजे कप्तानसाहेब गाडी बाजूला घेतील, हत्तीच्या वाटेत नाही येणार. मला मामाचा जुना कोट घालावा लागला. तो माझ्या अंगावर असा लोंबत होता की पाहणाऱ्यांना मी बहुधा हत्तीच्या माहुताचा कुणीतरी वाटलो असेन.

मिरवणूक निघाली. मागे हत्तीच्या घंटा, त्यामागे बँड. कप्तानसाहेबांचा साफा, ताठ पाठ, आणि खाली ती गाडी, माणसाच्या पावलानं, थरथर नाही, खोकला नाही. बाड्यावर टांगेवाले उभे होते, त्यातला एकही ओरडला नाही. एकानं तर सलाम केला. मी गाडीच्या बाजूनं इतक्या रुबाबात चालत होतो, जसं काही ते इंजिन मीच शोधून काढलं होतं.

शमीपूजनाच्या मैदानाकडे रस्ता उतरतो. तिथं, अर्ध्या उतारावर, माझ्या बाजूचा आवाज बंद झाला. मी पलीकडे पाहिलं. रावसाहेब माझ्याकडेच बघत होते. त्यांच्याही बाजूचा आवाज गेला होता. गाडी बंद पडली होती. उतार होता म्हणून ती आपली घरंगळत होती, बँडच्या गलक्यात कुणाला काही कळलं नव्हतं, आणि वर कप्तानसाहेब मिशीला हात लावून समोर बघत होते.

हात वर करायचं ठरलं होतं. मी रावसाहेबांकडे पाहत राहिलो, ते माझ्याकडे. दोघांनीही हात वर केला नाही. उतार संपला, गाडी मंद व्हायला लागली, तेव्हा रावसाहेबांनी कोटाच्या आडून मागच्या कॅरियरला हात घातला. मीही डावीकडून घातला. मग मैदानापर्यंत आम्ही दोघांनी ती जड जर्मन गाडी कप्तानसाहेबांसकट ढकलत नेली, चेहरे असे ठेवून की आपण नुसते सोबत चालतो आहोत. साठी उलटलेले रावसाहेब धाप न लागता ढकलत होते. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. मागे हत्ती शांतपणे येत होता. त्याला इतकी बिनआवाजाची मोटारसायकल आयुष्यात भेटली नसेल.

मैदानात कप्तानसाहेब उतरले. डोळे भरले होते. "काय चालली!" ते म्हणाले. "शेवटी शेवटी तर हाताखाली काही आहे असं वाटतच नव्हतं."

"दोन्ही बाजू अगदी सारख्या होत्या," रावसाहेब त्यांच्या उजव्या कानाशी म्हणाले. त्यांच्या तोंडून कुणाची तारीफ मी तेव्हाच ऐकली. मीही मान डोलावली. दोन्ही बाजू सारख्याच बंद होत्या, तेव्हा आम्ही खोटं काही बोललो नव्हतो. सोनं वाटलं, आपट्याची पानं दोघांनी एकमेकांच्या हातात दिली, आणि दुसऱ्या दिवशी रावसाहेब इंदूरला गेले तेव्हा त्यांच्या पंच्यात दोन्ही गेजं होती. कप्तानसाहेबांनीच ती बांधून दिली. "जोडी फोडू नका," एवढंच म्हणाले.

दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत आमचं ऑफिस भोपाळला निघालं. पडावाला मला पोचवायला कप्तानसाहेब आले, गाडीवर, माणसाच्या पावलानं. माझा टांगा त्यांच्या बराच आधी पोचला होता. काकूंनी लाडू दिले होते, जोडीनं बांधलेले. आगगाडीची घंटा झाली. मी खिडकीत बसलो होतो. मला रडू येत होतं, म्हणून मी काहीतरी बोलायचं म्हणून मोठ्यानं ओरडलो, "कप्तानसाहेब, दसऱ्याला काय चालली होती हो गाडी!"

त्यांनी खिडकीतून हात आत घातले आणि माझी दोन्ही मनगटं एकदम धरली, डोळे मिटले. आगगाडी हलायला लागली तसे ते तिच्याबरोबर चालू लागले, त्यांच्या नेहमीच्या चालीनं.

"उतारावर बंद पडली तेव्हाच मला कळलं होतं," ते म्हणाले. "मैदानापर्यंत ती उजवीकडून तेवढी चांगली चालत होती. डावी बाजू कमजोर आहे तुमची, पुणेकर. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."